दोन वर्षांचा मार्च

नवं राज्य झालं आणि रायपुरातल्या प्रत्येक सरकारी खात्याला दारात बोटाने चालणारं माहितीयंत्र हवंसं झालं. तिथल्या पंडरी बाजारात कापडदुकानाच्या वरच्या माळ्यावर आमचं तीन माणसांचं ऑफिस. पडद्यावरची बटणं दाबून बघता येईल असा नमुना आधी मी करायचा. खात्याच्या साहेबांनी मान डोलावली की खरा प्रोग्राम इतरांनी लिहायचा.

नमुन्यासाठी दोन सॉफ्टवेअर होती. एक फुकट, पण दिसायला रेशनकार्ड. दुसरं देखणं, पण तीस दिवसांच्या चाचणीपुरतं. आणि फाइल ज्या मशीनवर केली तिथेच उघडायची. मी देखण्यावर भाळले.

"तीस दिवसानंतर काय करशीन?" मालकांनी विचारलं.

"कॉम्प्युटरची तारीख पुन्हा एक मार्च करू," मी ऐटीत म्हणाले. नको तिथे अक्कल पाजळायची खोड जुनीच.

दोन वर्षं तेच केलं. बाहेर दिवाळी, आत मार्च. सहा खात्यांचे नमुने झाले, खुर्ची तीच राहिली. माझा जीव गुदमरायचा. घरी बाबा विचारायचे, "काहून वं, इतकी चिडून राहिली?"

मग पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. केलेलं काम दाखवायला आणा म्हणाले. माझं काम तर त्या एका मशीनमध्ये अडकलेलं! दोन दिवसांसाठी ते मशीन मागितलं, तर मालक म्हणाले, "तू मशीन नेशीन तं इथं काम कायच्यावर होईन? सॉफ्टवेअर तूच निवडलं होतं न बाई." शेवटी पडद्याचे फोटो काढले आणि गाडीत बसले.

पुण्याच्या साहेबांनी फोटो टेबलावर पसरले. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात तो पुरा केला त्या दिवसाची तारीख होती, कॉम्प्युटरवरून आपोआप येणारी. ती करामतही माझीच. सहाही खात्यांवर एकाच वर्षाचा मार्च.

"सहा खाती, एका महिन्यात?" त्यांनी चष्मा काढला. "एकटीने?"

खरं सांगावं तर चोरी कबूल करायची आणि परत पंडरीचा जिना चढायचा. मी म्हणाले, "हो."

नोकरी लागली. पहिल्याच सोमवारी साहेबांनी सात नमुन्यांची यादी पुढ्यात ठेवली. "तुम्हाला काय, महिना पुरे."

ते गेल्यावर मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर हळूच क्लिक केलं. ती बदलायला इथे पासवर्ड लागत होता.