खडू डागाळेपर्यंत

डिझेलच्या टाकीची तपासणी टाकीपासून सुरू करू नये. ती भोवतालापासून सुरू करावी. दिलसुखनगरातल्या एका कोचिंग क्लासच्या मुलींच्या वसतिगृहात तपासणीला गेले, तेव्हाही मी आधी मागच्या अंगणात एक फेरी मारली. जनरेटरसाठी जमिनीवर उभी केलेली टाकी, तिच्याभोवती गुडघाभर उंचीची भिंत, आणि भिंतीला जवळजवळ लागूनच जमिनीतला पाण्याचा हौद, म्हणजे संप. पिण्याचे, स्वयंपाकाचे पाणी त्याच संपातून वर चढत होते. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

वसतिगृहाचे व्यवस्थापक मूळचे नांदेडकडचे. मोठ्या हौसेने म्हणाले, "मॅडम, दसऱ्यालाच रंग मारलाय. नवरीवानी दिसती का नाही?"

"नवरीच्या पायाला फोड आलेत," मी म्हणाले.

तळाच्या जोडावर रंग फुगला होता. असे फोड दिसले की आतून तेल पाझरत असावे, अशी शंका घ्यावी. भोवतालच्या भिंतीचे कामच मुळी गळलेले तेल अडवण्याचे. म्हणून तिच्या तळाची तोटी बंद ठेवायची असते. साचलेले पावसाचे पाणी सोडण्यापुरतीच ती उघडावी. इथे ती सताड उघडी होती आणि तिचे तोंड संपाच्या झाकणाकडे होते.

"पाणी साचलं की मच्छर होतेत हो," व्यवस्थापक म्हणाले. "एखादीला डेंग्यू झाला तर आईबाप मला सोडतील का?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यामुळे माझी अस्वस्थता उलट वाढलीच.

मी फोडांवरचा रंग खरवडला. पितळेच्या पट्टीने, कारण लोखंडाची ठिणगी अशा जागी परवडत नाही. जोड पुसून कोरडा केला आणि त्यावर पाण्यात कालवलेल्या खडूचा हात दिला. खडू वाळला की वाट पाहायची. छिद्र असेल तर तेल पांढऱ्यावर उमटते. कधी लगेच, कधी फार उशिरा.

खडू वाळला. पांढराच राहिला.

तेवढ्यात स्वयंपाकीणबाई दारात येऊन मला विचारू लागल्या, "अम्मा, चावल कब चढाऊं? बच्च्यां आ जाते अब."

मी संपातले पाणी काचेच्या पेल्यात काढून उजेडात धरले. तवंग नव्हता. वास घेतला, पण सकाळपासून डिझेलजवळ वावरलेल्या नाकावर भरवसा कसा ठेवायचा? व्यवस्थापकांनी हुंगून सांगितले, "ब्लीचिंगचा आहे." स्वयंपाकीणबाईंनी हुंगले, पण त्यांना काही कळेना. मी पुन्हा टाकीशी गेले, पुन्हा संपाशी आले. मी ज्या शाळेत शिकले, तिथे सिद्धता पुरी होण्याआधी 'म्हणून' लिहिले तर भूमितीच्या बाई सगळे उत्तर खोडत असत. ते वळण अजून हाडात आहे. पण इथे सिद्धतेची वाट पाहायची, तर तोवर भात शिजला असता.

"पंप बंद करा," मी म्हणाले. "या पाण्याचा एक थेंबही वापरू नका."

"अहो, पण खडू पांढराय की!"

"आहे."

"मग? दुपारी पोरींची टेस्ट आहे. मालकांना काय सांगू?"

"माझ्यामुळं उपाशी राहिल्या म्हणून सांगा." आणि मी संपाच्या झाकणावर जाऊन उभी राहिले. स्वतःचे हसू येण्याजोगेच दृश्य होते ते. पण पाय हलेनात.

व्यवस्थापक पुटपुटत फाटकाबाहेर गेले आणि पाण्याच्या टँकरला फोन लावू लागले. मुली ताटे घेऊन खाली आल्या. "आंटी, पानी कायकू बंद करे?" "आज भूके पेट टेस्ट लिखना क्या?" एकजण हळूच म्हणाली, "उतरो आंटी, झाकण तुटेल." हशा पिकला. मीही हसले, पण नजर जोडावरून निघत नव्हती.

मग तो दिसला: तिळाएवढा करडा डाग. पाहता पाहता तो खाली ओघळला.

व्यवस्थापक परतले, वाकले आणि त्यांनी तो ओघळ बोटावर घेऊन हुंगला. मग उठून त्यांनीच मुलींना सांगितले की टाकी गळते आहे, बाहेरून जेवण येईल, टँकर निघाला आहे.

झाकणाची चेष्टा करणाऱ्या मुलीनेच विचारले, "आंटी, आणि काल प्यायलो ते?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "नमुना तपासायला नेते. कळेपर्यंत खरंच माहीत नाही."

तिने खांद्यावरच्या पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडून वास घेतला आणि पाणी मोरीत ओतले. मग दुसरीने. मग रांगेतल्या बाकीच्याही आपापल्या बाटल्या शोधू लागल्या.