सेंट्रिंगवाल्या खंडेरावाचं लाकडी छत

खंडेरावाचे वाडवडील मेंढरांमागं हिंडले. खंडेराव गंगापूरहून शहरात आला अन् सेंट्रिंगमागं हिंडला. स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या, स्लॅब पक्का झाला की खोलायच्या, पुढच्या साइटवर न्यायच्या. तीस वर्षांत शहरातला निम्मा गारखेडा त्याच्या फळ्यांवर उभा राहिला, पण त्यातली एक फळी जागेवर असेल तर शपथ! बायको पुतळाबाई चिडवायची, "तुमचं काम दाखवा म्हणलं की तुमी दुसऱ्याचा स्लॅब दाखविता."

मग बिल्डर कारभारीभाऊंना पृथ्वीची दया आली. सिमेंटपायी हवा तापते, हे त्यांना परदेशच्या सहलीत, एसी हॉलमध्ये बसून कळलं. झाडानं ओढलेला कार्बन लाकडात असतो, लाकूड घरात राहिलं की तोही तिथंच राहतो, असं इंजिनियर श्रेया मॅडमनी समजावलं. थरावर थर चिकटवलेले जाडजूड लाकडी तक्ते आले. छतच लाकडाचं!

खंडेरावानं विचारलं, "मॅडम, खोलायचं कधी?"

"खोलायचं नाही, काका. शंभर वर्षं राहणार."

गड्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एकेक स्क्रू त्यानं जीव लावून पिळला. घरी सांगितलं, "पुतळे, उद्घाटनाला चल. ह्या टायमाला माझं काम दाखवतो."

उद्घाटनाआधीच गिऱ्हाइकं घरं बघायला आली. वरच्या मजल्यावर पाय आपटून बघितले. "पोकळ वाजतंय की!" "वाळवी लागली मंग?" एक मामा म्हणाले, "पोरगी स्लॅबच्या घरात द्यायचीय, खोक्यात नाय."

झालं! कारभारीभाऊंची पृथ्वी तिथंच बुडाली. लाकडावरच लोखंड बांधून स्लॅब ओतला. मॅडम भांडल्या अन् काम सोडून गेल्या. स्लॅब पक्का झाल्यावर भाऊ म्हणाले, "खंडेराव, घ्या खोलून. पुढच्या साइटला सेंट्रिंग होईल."

"भाऊ, हे खोलायला न्हवतं लावलं."

"मग काय पूजा करता?"

दुसरी सेंट्रिंग दिवसात निघते. हे लाकूड आठवडाभर निघेना. खंडेराव आपल्याच हातांना शिव्या घालत स्क्रू काढत होता.

उद्घाटन थाटात झालं. 'पृथ्वीस्नेही लाकडी निवास' ही पाटी तशीच होती. स्लॅबला खालून लाकडाच्या नक्षीचा कागद चिकटवला होता. पुतळाबाई मान वर करून बघतच राहिली.

"अगंबया! अवो, हे समदं तुमी लावलं?"

खंडेरावानं वर बघितलं नाही.

"व्हय," तो म्हणाला.