बैल पाटलाचे होते तोवर

"ठेव डोकं," पाटील म्हणाला.

ओरडला नाही. ओरडायची गरजच नव्हती, पोळ्याच्या मैदानात अख्खं गाव गप्प झालं होतं. माझा बाबा त्या गावासमोर पाटलाच्या बैलापुढे गुडघ्यावर बसला. अंगात नवा पांढरा सदरा होता. मायनं आसेगावच्या बाजारातून कापड आणून शिवून घेतलेला. बाबानं हात जोडले. मग हात भुईवर ठेवून, वाकून कपाळ बैलाच्या खुरांना टेकवलं. बैलाला काय कळणार? माशी चावली असेल. त्यानं पाय उचलला आणि खाली ठेवला, बाबाच्या बोटांवर. बाबानं तोंडातून आवाज काढला नाही. मागून कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"आता कसं," पाटील म्हणाला. "घे तुहे बैल अन् जाय मांगं. सगळ्यायच्या मांगं."

मी तिसरीत होतो. मी बाजूलाच उभा होतो. माझ्या तळहाताचं सालपट निघालं होतं आणि हातात अजून कासरा होता.

काय गुन्हा केला होता आम्ही? सांगतो. पोळ्याला गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सजवलेल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या राहतात. पहिली जोडी मानाची, म्हणजे पाटलाची. ती तोरणाखालून गेली की मग बाकीच्या, ज्याच्या त्याच्या पायरीनं. आमची वस्ती शेवटी. त्या वर्षी बाबानं पहिल्यांदा स्वतःची जोडी घेतली होती, रिठदच्या एका माणसाकडून. त्याआधी तो पाटलाकडे सालदार होता. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. आम्ही बौद्ध. आमच्यात बैलाला देव मानत नाहीत. बाबा म्हणायचा, "देवाचं नाही करत आपन. बैलाचं करतो. वर्षभर राबते बिचारा." आदल्या दिवसापासून तो दोघांचे खांदे लोण्यानं चोळत होता. शिंगांना बेगड लावताना गुणगुणत होता. त्याला गुणगुणताना मी तेव्हाच ऐकलं, नंतर कधी नाही.

हौसेनं त्यानं एका बैलाचा कासरा माझ्या हातात दिला. कोणीतरी फटाका लावला. माझा बैल बिथरला, रांग सोडून सुसाट निघाला. मी कासरा सोडला नाही. फरफटत गेलो. गळ्यातल्या घुंगरांचा नुसता कल्लोळ. बैल मला घेऊन थेट तोरणाखालून पार झाला, पाटलाच्या जोडीच्या आधी.

बस, एवढंच. मान मोडला.

घरी आल्यावर माय बाबाची बोटं गरम पाण्यानं शेकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले कोनी सांगतलं होतं कासरा धराले?" शेजारचेही तेच म्हणाले. पोराची चूक झाली. पोराला बैल आवरला नाही. बाबा काहीच बोलला नाही. त्याच्या बोटांची नखं काळी पडली, गळून गेली, नवी आली. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल पुन्हा कोणी शब्द काढला नाही. माझ्या डोक्यात मात्र ते पक्कं बसलं. माझ्यामुळे माझा बाप बैलाच्या पायावर पडला.

मी शिकलो. घासून शिकलो. आता वाशिमला एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो. शीर सापडत नाही अशा म्हाताऱ्यांना, रडणाऱ्या पोरांना मुद्दाम माझ्याकडे पाठवायचे. हलका हात म्हणून माझं नाव होतं.

मग लॅबच्या समोर रसवंती सुरू झाली. उसाचा रस काढायच्या चरकाला घुंगरं बांधलेली असतात, गिऱ्हाईक यावं म्हणून. पहिल्याच दिवशी एका बाईच्या दंडाला मी रबर बांधलं, सुई उचलली आणि समोर चरक फिरला. माझा उजवा हात मिटला. बोटं तळहातात रुतली. उघडेनात. सुई खाली पडली. बाई घाबरून उठली. मी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं उचकटत होतो आणि घामानं निथळत होतो. मग ते रोजचं झालं. लॅबचे डॉक्टर म्हणाले, "उन्हाळा संपेपर्यंत नीट हो, नाहीतर दुसरीकडे बघ." बायकोला सांगितलं, हात अवघडला आहे. खोटं सांगत होतो असंही नाही, मलाच माहीत नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरनं अकोल्याला एका मोठ्या मानसोपचारवाल्याकडे पाठवलं. तिथं थंडगार खोली, भिंतीवर डोंगराचं चित्र. मी शुद्ध मराठीत सगळं सांगितलं, हाताचं, घुंगरांचं, त्या पोळ्याचं. त्यानं मध्येच हात वर केला.

"हे किती वर्षांपूर्वीचं? आता कुठे राहिलंय असलं? तुमच्या लोकांनी जरा मोठं मन करायला शिकलं पाहिजे. माफ करून टाका, विसरून जा. मन हलकं होईल."

गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्या की दिवसभर झोप यायची. घुंगरू वाजलं की हात तरीही मिटायचा. मी बाहेर पडताना त्याला नमस्कार केला होता. सवयच ती. बसस्टँडवर आल्यावर स्वतःचीच किळस वाटली.

शेख मॅडम मला वाशिमलाच भेटल्या. मूळच्या कारंज्याच्या. एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांची समुपदेशनाची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. मी दाराकडे पाठ करून बसलो आणि सारखा मागे वळून बघू लागलो. त्या उठल्या, माझी खुर्ची फिरवून भिंतीला लावली. "आता दार दिसून राह्यलं ना? बसा." पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच खोदून विचारलं नाही. पाणी दिलं. कामाचं विचारलं. शीर कशी शोधता, ते विचारलं, आणि खरंच ऐकलं.

दुसऱ्या वेळी मी तेच शुद्ध मराठीतलं सांगायला लागलो. अकोल्याला सांगितलं तेच, घडाघडा. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी हे दुसऱ्या कोनाचं सांगून राह्यले असं वाटते. घरी बोलता तसं बोला ना. मीबी घरी तसंच बोलतो."

मी म्हणालो, "माहा बाबा..." आणि पुढे शब्द फुटेना.  त्या वाट बघत बसल्या. घड्याळाकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आज इतकंच पुरे?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला विचारून पुढे सरकत होतं.

त्यांच्याकडे येणाऱ्या एका बाईला त्या डोळे मिटून श्वास मोजायला लावायच्या. मला त्यांनी कधी डोळे मिटायला सांगितले नाहीत. "तुमाले डोळे उघडे लागतेत," म्हणाल्या. माझ्यासाठी त्यांनी वेगळंच केलं. एका दुपारी त्या माझ्यासोबत रसवंतीपर्यंत चालत आल्या. आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. रसवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, हे भाऊ हात वर करतीन तवाच चरक फिरवायचा. मी हात वर केला. घुंगरं वाजली. हात मिटला. "मिटू द्या," त्या म्हणाल्या. "त्याले घाई नका करू." पुढच्या वेळी दोन पावलं जवळ. कधी मीच नको म्हणालो, तर त्या रस पिऊन परत फिरायच्या. हळूहळू बोटं लवकर उघडू लागली. अजून मिटतात. पण आता उघडतात, हे मला कळलं आहे.

एकदा खोलीत बसलो होतो. मी पुन्हा तेच म्हणालो, माझी चूक झाली, मला बैल आवरला नाही. त्यांनी समजूत घातली नाही. लहान होता तुम्ही, वगैरे काही नाही. एकच विचारलं.

"फटाका फुटायच्या आदी तुमी कुठं उभे होते?"

"रांगेत."

"कुठं रांगेत?"

"शेवटी."

"काहून?"

 मला राग आला. आधी त्यांचाच आला, काय प्रश्न आहे हा, यांना माहीत नाही का. मग माझं मलाच जाणवलं की एवढ्या वर्षांत मी फटाक्यापासूनच गोष्ट सुरू करत होतो. बैल बिथरला तिथून. त्याच्या आधीचं मी चूक म्हणून कधी धरलंच नव्हतं. सगळं बरोबर चाललं होतं आणि माझ्यामुळे बिघडलं, असं मी समजत होतो. काय बरोबर चाललं होतं?

निघताना त्या म्हणाल्या, "बाबाले इचारलं कधी?"

नव्हतं विचारलं.

त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. पाटलाचा धाकटा मुलगा, आता सरपंच आहे. आवाज गोड.

"भाऊ, यंदा पोळ्यात पहिला मान तुमच्या बाबाचा. आमचे आबा थकले आता. मी म्हटलं झालं गेलं गंगेले मियालं. एकोपा दिसला पाह्यजे गावात."

"आमच्याकडं बैल कुठं राह्यले आता?" मी म्हणालो. बाबानं ती जोडी कधीच विकली होती. आता शेत भाड्याच्या ट्रॅक्टरवर होतं.

"आमचे आहेत ना! आमची जोडी घ्या. बाबा फक्त कासरा धरतीन अन् पुढं चालतीन. मस्त व्हिडिओ काढू."

खरं सांगू? मला बरं वाटलं. छाती भरून आली. वाटलं, बाबाचं फिटलं. त्या आनंदाची लाज मला अजून वाटते.

रविवारी गावी गेलो. बाबा शेताच्या बांधावर बसून विळ्याची मूठ बसवत होता. सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. मी सरपंचाचं सांगितलं. बाबा हसला. वाईट हसला.

"म्हंजे सालदारकीवर परत बलावून राह्यला मले."

"असं काहून म्हन्ता?"

"तुले मालूम नाही का? त्या पोळ्याच्या आदी मी दर साली त्याच तोरनाखालून पयला जात होतो. पाटलाचे बैल घेऊन. कासरा माह्याच हातात राहे. तवा कोनाचा मान नाही मोडला." त्यानं विळा खाली ठेवला. "हात तेच होते. पाय तेच. बैल पाटलाचे होते तोवर मी पयला चाले. माहे झाले अन् मी शेवटी गेलो."

मला हे माहीत होतं. लहानपणी बघितलंही होतं, बाबा पुढे चालतोय आणि मी टाळ्या वाजवतोय. पण हे दोन पोळे मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते.

मग मी विचारलं. आवाज चढला माझा. "मंग डोकं काहून ठेवलं?"

बाबानं विळा परत हातात घेतला. "तू बाजूले उभा होता. तुही माय बायायत उभी होती. त्याईच्या हातात काठ्या होत्या. मले तुमाले घेऊन घरी याचं होतं. बस."

"मले वाटे, माह्यामुळं झालं."

"तुह्यामुळं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "दुसरा कासरा माह्या हातात होता. तुहा बैल मलेबी नाही आवरला. तू इतकी वर्सं हे घेऊन फिरून राह्यला? अन् बोलला नाही?"

"तुमी तरी कुठं बोलले?"

 बाबाचे डोळे भरले. माझेही. मी म्हणालो, आपण माफी मागायला लावू, त्याच जागी, माइकवर. बाबानं मान हलवली.

"माफीचं काय करू? तोंडानं मागतीन अन् रांग तशीच ठेवतीन. मले माफी नाही पाह्यजे. रांग नाही पाह्यजे."

ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा घेतला नाही.

"तुमचे बैल तुमी धरा," मी म्हणालो. "अन् रांग बंद करा. जो आधी आला तो आधी जाईल."

त्याचा गोडवा उतरला. "रीत आहे भाऊ ते. पहिल्यापासून आहे." मग खुर्चीत मागे रेलून, बाकीच्यांकडे बघत म्हणाला, "तुमचा इलाज चालू आहे म्हन्तात वाशिमले. डोक्याचा."

दोघं-तिघं हसले. तेच हसू. हे ऐकावं लागू नये म्हणून मी तोंड लपवून शेख मॅडमच्या दारात जात होतो. बायकोलासुद्धा उशिरा सांगितलं होतं.

"हो, चालू आहे," मी म्हणालो. "दर बुधवारी जातो. यानंतरही जाईन. रांगेचं बोला."

त्यानं माझा चहा दुसऱ्याकडे सरकवला. मी उठलो.

यंदा रांगेत उभंच राहायचं नाही, असं मी आणि बाबानं ठरवलं. वस्तीत सगळे खूश झाले असं समजू नका. एक म्हातारा माझ्या अंगावर धावून आला. "तू वाशिमले जाशील, इथं आमाले राहाचं आहे." खोटं नव्हता बोलत. वस्तीत आता दोनच बैलजोड्या उरल्या आहेत. एकीचा मालक गप्प बसला. दुसरा रात्रभर विचार करून सकाळी म्हणाला, चाल. मग दुपारपर्यंत पहिलाही आला.

शेख मॅडमना सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली नाही, अडवलंही नाही. "भीती वाटते?" विचारलं. वाटते, म्हणालो. सोबत कोण कोण असेल, पोरं कुठे ठेवाल, कोणाला आधी कळवून ठेवाल, हे त्या एकेक करून माझ्याकडून काढून घेत गेल्या.

पोळा जवळ आला आहे. उन्हाळा संपला तरी लॅबच्या डॉक्टरांनी मला नोंदी लिहायला ठेवलं होतं, तिथं रजा टाकली. डॉक्टर म्हणाले, गेलास तर परत येऊ नको. जाणार आहे. पोलिसांना लेखी कळवलं आहे. बाबा येणार आहे, माय येणार आहे. वस्तीतल्या दोन्ही जोड्या घरून निघतील आणि सरळ तोरणाखालून जातील. कोणाच्या मागे थांबणार नाहीत. अडवलं तर तिथंच उभे राहू, बैलांसकट. मारलं तर दवाखान्यात जाऊ, ठाण्यात जाऊ, कोर्टात जाऊ. आणि पुढच्या पोळ्याला परत येऊ.