मागच्या बाकावरचा

माझी मावशी कपडे दुरुस्त करते. नवीन शिवत नाही. "नवीन शिवणारे पैशाला पासरी," असं म्हणते. तिच्याकडे येतं ते उसवलेलं, आटलेलं, पोट सुटल्यामुळे अंगाला न बसणारं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन आणि समोरच्या भिंतीला टीव्ही, म्हणजे पाय चालू असताना डोळे वर नेता येतात. जिभेने तिखट आहे. "पँट काय वाढवता, पोट कमी करा," हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते आणि मग ती पँट अशी वाढवून देते की जोड शोधून सापडू नये.

तिला एकच मुलगा. माझ्याहून मोठा, म्हणून माझा दादा; मी लहानपणापासून त्यांच्याकडेच राहते. त्याला नट व्हायचं होतं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, बस डेपोत मेकॅनिक होते. ज्याला पाना लागत नाही ते त्यांच्या लेखी कामच नव्हतं. एका सकाळी बापलेकांची जुंपली. "तोंड रंगवून पोट भरत असतं तर माकडं बंगल्यात राहिली असती," असं काका म्हणाले. दादाने पिशवी भरली आणि निघाला तो निघालाच. फोन बंद, निरोप नाही. मला त्याचा अजून राग येतो. बापावर रुसलास, समजलं. आईने तुझं काय घोडं मारलं होतं?

पोलिसांत तक्रार दिली. मावशीने शिवण बाजूला टाकलं आणि शोधायला लागली. त्याचे मित्र, नाटकांचे हॉल, स्टेशनं, दवाखाने. कुणी म्हणालं अमुक ठिकाणी त्याच्यासारखा एक दिसला, की ताटावरून उठून जायची. काका बरोबर असायचे, पण दोन पावलं मागे. मुलगा कुणाच्या शब्दामुळे गेला हे घरात कुणी बोलत नव्हतं. ते सगळ्यांना माहीतच होतं.

मग एक दिवस तो दिसला.

संध्याकाळी एक कोर्टातली मालिका लागायची. वकील भांडतात, न्यायाधीश हातोडा आपटतात आणि मागे बाकांवर काही माणसं नुसती बसलेली असतात. मावशी कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. वर पाहिलं आणि किंचाळलीच. मागच्या बाकावर, खांबाशेजारी एक जण बसला होता. त्याने डावा खांदा उचलून कान घासला. दादा लहानपणापासून अगदी तसाच घासायचा, आणि त्यासाठी मावशीच्या हातच्या चापट्याही खायचा. आम्ही टीव्हीला नाक लावलं. जवळ गेलं की त्या चेहऱ्याचे ठिपके व्हायचे, लांब आलं की दादा व्हायचा. मलाही तो दादाच वाटला. काका नुसते होकाराची मान हलवत राहिले.

त्या दिवशी घराच्या जिवात जीव आला. दुसऱ्याच सकाळी मावशी पोलीस ठाण्यावर गेली. "मुलगा सापडला हो, टीव्हीत काम करतो," असं सगळ्यांना हसत सांगितलं आणि सही करून तक्रार मागे घेतली.

मी म्हटलं, चॅनेलवाल्यांच्या ऑफिसात जाऊन त्याला भेटू या की.

"नको गं बाई," मावशी म्हणाली. "आपण दारात उभे राहिलो तर ते कामही टाकून पळेल. बापावर गेलाय, राग नाकावर. त्याचं त्याला येऊ दे. दिसतोय ना, धडधाकट आहे ना, बस झालं."

दुधाची तहान ताकावर भागवायची असं तिने ठरवलं. आम्हीही मान डोलावली.

मालिका काही संपेना. एक खटला मिटला की दुसरा उभा. अशा लांबण लावलेल्या मालिकांना मी एरवी शिव्या घालते, पण ही चालावी म्हणून मीसुद्धा मनातून देवाला विनवायचे. मागचा बाक कधी दिसायचा, कधी महिनोन्‌महिने नाही. मावशी डोळ्यांत तेल घालून बसायची. "बारीक झालाय." "शर्ट नवा आहे, कॉलर बघ कशी ताठ." "मिशी ठेवली वाटतं." पुढे पुढे त्याचं कपाळ मागे सरकायला लागलं, तेव्हा काकांच्या टकलाकडे बघून म्हणाली, "हे तुमचं देणं." काका टीव्हीकडे पाठ करून पेपर वाचायचे, पण कोर्ट लागलं की त्यांचं पान उलटायचं थांबायचं. गिऱ्हाइकांनाही माहीत झालं होतं. "काकू, काल तुमचा लेक दिसला," असं कुणी म्हटलं की त्याची चेन मावशी फुकट बसवून द्यायची.

वयामुळे मावशीची नजर कमी झाली. सुईत दोरा ओवायला मला हाका मारायला लागली. तेव्हा काकांनी भिंतभर टीव्ही आणला. झालं उलटंच. चित्र फुगलं आणि पहिल्यापेक्षा पुसट झालं. "अहो, छोट्यातच बरा होता," मावशी कुरकुरली. "यात पोरगा धुक्यात गेला माझा." काकांचा चेहरा एवढासा झाला.

त्याच सुमारास त्या चॅनेलवर जाहिरात यायला लागली, 'आता आम्ही एचडीत!' तेव्हा एकामागून एक सगळीच चॅनेलं एचडीत चालली होती. काकांनी कुणाला न विचारता डिशवाल्याला बोलावलं. मी कारण विचारलं तर हळूच म्हणाले, "एकदा नीट बघू दे तिला. मी घालवला त्याला. निदान दाखवतो तरी."

डिशवाला भारी बोलका होता. गच्चीवर जाऊन छत्रीचं तोंड जरासं फिरवलं, जुना बॉक्स काढला, नवा लावला. "तेच चॅनेल आता दोन नंबरांवर दिसेल," तो म्हणाला. "जुन्या नंबरावर पहिल्यासारखं, नव्यावर एचडी. आता हिरोईनच्या गालावरचे तीळ मोजा, काकू."

"हिरोईन घाल चुलीत," मावशी म्हणाली, "मला मागचा बाक दाखव." सगळे हसलो.

संध्याकाळी तिने मशीनवर कापड टाकलं, चष्मा पदराने पुसला आणि केस विंचरून बसली. त्या दिवशी पेपर घडी घालून ठेवलेला होता आणि काका तिच्या शेजारी, टीव्हीकडे तोंड करून बसले होते.

कोर्ट लागलं. इतकं स्वच्छ की हसू आलं. भिंतीवरची कायद्याची पुस्तकं नुसती रंगवलेली होती. वकिलाचा कोट बगलेत उसवला होता. "एवढा मोठा वकील, आणि दोन टाके घालून घेता येईनात मेल्याला," मावशी म्हणाली. तेवढ्यात कॅमेरा वळला.

खांबाशेजारी एक माणूस बसला होता. नाक बसकं, हनुवटीला खळगा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दादापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठा. त्याने डावा खांदा उचलून कान घासला. त्या माणसाला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

मावशीने रिमोट घेतला आणि जुना नंबर दाबला. चित्र पुसट झालं, आणि तिथे दादा बसलेला होता. तिने नवा नंबर दाबला. परका माणूस. पुन्हा जुना, पुन्हा नवा. काकांनी तिच्या हातातून रिमोट हळूच काढून घेतला आणि टीव्ही बंद केला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ काकांनी उघडली, आणि तीही मायेने. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मावशी रडली असती तर बरं झालं असतं.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण त्याला शोधलंच नाही?"

काकांनी रिमोट उलटा करून ठेवला.

"आजारी पडला असेल. उपाशी झोपला असेल. आई शोधत येईल म्हणून वाट पाहिली असेल हो त्याने. आणि मी इथे कुणाच्या तरी मुलाच्या मिशीचं कौतुक करत बसले."

मी तिचा हात धरला. ज्याच्यावर इतकी वर्षं चिडत आले होते, तो जिवंत तरी आहे का, हा विचार मला पहिल्यांदा शिवला.

सकाळी उठून बघते तर काका बूट घालून दारात उभे होते. तिघंही पोलीस ठाण्यावर गेलो. टेबलामागची पोलीस बाई माझ्याहूनही लहान असेल. तिने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि बुचकळ्यात पडली.

"ही तक्रार तुम्हीच मागे घेतलीय. मुलगा सापडला म्हणून."

"चुकलं आमचं," काका म्हणाले.

"मग इतकी वर्षं आला कसे नाहीत?"

काकांनी खाली बघून सांगितलं, "तो आम्हाला दिसत होता."

मला सगळं समजावून सांगावं लागलं. तिचं पेन हातातच राहिलं. मग तिने मावशीला जवळच्या खुर्चीवर बसवलं आणि फोटो मागितला. मावशीने पर्समधून काढला. मिसरूडही न फुटलेला, कॉलेजात जाणारा पोरगा.

"काकू, हा फार जुना झाला," पोलीस बाई हळू आवाजात म्हणाली. "आता कसा दिसत असेल? अंदाजाने सांगा."

मावशी लगेच बोलायला लागली. "उंच आहे. हल्ली जरा वाळलाय. मिशी ठेवलीये. आणि कपाळ असं वरून मागे गेलंय, यांच्यासारखं..."

ती थांबली. पोलीस बाईही लिहायची थांबली. मावशीने डोळे गच्च मिटून घेतले, ओठ हलत होते, फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"थांबा हं, सांगते," ती म्हणाली. "मला आठवतो तो. पण सारखा तोच येतोय हो मध्ये."