तुझा साप मी सांभाळीन

"घरात एक तर हा साप राहील, नाही तर तू," असं बाबा माझ्या भावाला म्हणाले आणि त्याच संध्याकाळी तो वरंधा घाटात मोटारसायकलसकट दरीत गेला.

दहाव्याला नदीकाठी कावळा पिंडाला शिवेना. आईनं, मामांनी, मी, सगळ्यांनी शब्द देऊन पाहिले. ऊन चढलं. शेवटी बाबा हात जोडून म्हणाले, "तुझा साप मी सांभाळीन." कावळा लगेच शिवला.

साप म्हणजे काचेच्या पेटीतला बॉल पायथन, वेटोळं घातलं की नारळाएवढा. तो काही खाईना. दर रविवारी बाबा फ्रीजरमधला उंदीर गरम पाण्यात ठेवून कोमट करायचे आणि चिमट्यात धरून त्याच्यापुढे हलवायचे. साप तोंड फिरवायचा. मग बाबा चिमटा ठेवून हात जोडायचे. "अजून काय राहिलंय रे तुझं? सांग की." आई गॅस बंद करून ऐकत उभी राहायची.

असा सगळा हिवाळा गेला. शिमग्याच्या सुमारास एका रविवारी चिमटा पुढे धरून बाबा म्हणाले, "माझं चुकलं." सापानं झडप घालून उंदीर ओढला. बाबा तिथंच बसून ढसाढसा रडले.

हे साप थंडीत महिनोन्महिने खात नाहीत, ऊन वाढलं की आपोआप खातात, हे भावाच्या मित्रानं मला पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं. मी बाबांना सांगितलं नाही. मला त्यांचे जोडलेले हात बघायचे होते.