बाबांना दहापैकी दोन

माझ्या वडिलांचा मेंदू तल्लख राहावा म्हणून मी आमची स्कूटर कळव्याच्या खाडीत बुडवली.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर याच खाडीत मासेमारी केली. मी त्यांचा मुलगा, बँकेत कारकून (पोहता न येणारा घरातला पहिला कोळी). एका आठवड्यात त्यांनी मला दोनदा धाकट्या काकांच्या नावानं हाक मारली. आजोबा शेवटच्या वर्षी बाबांनाच ओळखत नव्हते. तेच पुन्हा सुरू झालं की काय, या धास्तीनं मला जेवण जाईना. बायको सुनीता म्हणाली, नावं चुकतात माणसांची. पण ऐकेन तो मी कसला! मोबाइलवर एक लेख वाचून मी वहीत स्मरणशक्तीची चाचणीच तयार केली.

रविवारी सकाळी बाबांना समोर बसवलं. आज तारीख कोणती, असं विचारलं तर म्हणाले, "चौदस." शून्य. ऋतू कोणता? "कोलंबीचा." शून्य. शंभरातून सात वजा करायला सांगितले, तर चांगले शंभर असताना कमी कशाला करायचे, असं त्यांचं म्हणणं पडलं. दहापैकी दोन गुण. (तेही स्वतःचं नाव बरोबर सांगितल्याचे.)

खेळानं मेंदूला धार येते, असंही त्या लेखात होतं. म्हणून लगेच नऊ वाजता त्यांना स्कूटरवर घालून धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत नेलं, स्कूटर खाडीकडच्या उतारावर लावली आणि बॅडमिंटनचं जाळं बांधायला घेतलं. बाबांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"हितं नको. साडेधाला पानी येल."

जमीन खडखडीत कोरडी होती. मी वहीत 'असंबद्ध बोलणे' अशी नोंद केली.

खेळ रंगला. बाबा जागचे न हलता मला घोड्यासारखं पळवत होते. दहा वाजता ते रॅकेट ठेवून धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसले. दमले बिचारे, असं मला वाटलं. मी एकटाच सर्व्हिस घटवत राहिलो. थोड्या वेळानं बूट ओले लागले म्हणून मागे वळलो, तर स्कूटर सीटपर्यंत पाण्यात! तिच्याकडे धावलो आणि गुडघाभर चिखलात रुतलो.

बाबांनीच हात धरून मला ओढून काढलं. "तिथीची पाऊनपट केली की भरतीची वेल," ते म्हणाले. चौदाची पाऊणपट साडेदहा. ज्या हिशोबावर त्यांनी आम्हाला जगवलं, त्याला मी शून्य दिलं होतं. मला फार लाज वाटली.

मग ते हळूच म्हणाले, "माजा बाप मला इसरला, ते मी बगितलंय. मला पन भ्या वाटतं रं. पन परीक्षा नको घेऊ. बस माज्याजवल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसतो. ते तिथी सांगतात, मी भरतीची वेळ काढतो. महिना झाला, अजून एकदाही बरोबर आलेली नाही. परवा बाबांनी सुनीताला बाजूला घेऊन विचारलं, "याला कुना डाक्टरला दाखवायचं का?"