शेणाच्या वायूवरची आमटी

आमच्या मच्छे भागातल्या गावात अजून सांगतात की शेणाच्या वायूवर शिजवलेल्या आमटीने एक सोयरीक मोडली. हे खोटे आहे. ते मी पसरवले, तेव्हा खोडायचेही मीच.

महायुद्धाचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हते, जळण महाग झाले होते. गावातल्या एका शेतकऱ्याने, त्याला सगळे आप्पा म्हणत, परड्यात खड्डा खणून शेणकाला भरला आणि सांबऱ्याच्या विमानतळावरून टाकून दिलेले डांबराचे पिंप कापून त्यावर पालथे घातले. पिंपात वायू साठला की ते वर उचलले जाई. नळीने तो वायू स्वयंपाकघरात नेला. निळी ज्योत, धूर नाही.

गाव बघायला आले आणि हसत परत गेले. ज्यांच्या भिंती शेणींनी भरलेल्या, ज्यांची भाकरी रोज त्याच शेणीच्या धुरात भाजली जाई, त्यांना शेणाच्या वायूचा मात्र विटाळ वाटला! एक म्हातारा म्हणाला, "आप्पा, म्हशीनं ढेकर दिला की भाकरी भाजून घेतासा व्हय?" म्हशीच्या पोटातही हाच वायू होतो, हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हते.

मला ठाऊक होते. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. हा मिथेन. तळ्याच्या गाळातून, भाताच्या खाचरातून बुडबुड्यांनी वर येतो. त्याला रंग नाही, वास नाही. वास येतो तो सोबतच्या दुसऱ्या वायूचा. खाणीत हवेत मिसळून ठिणगी पडली तर स्फोट होतो. परदेशात तो जाळून शाईसाठी काजळी धरतात. नीट जळला तर मागे पाण्याची वाफ आणि कर्बवायू, बाकी काही नाही. हे सारे आप्पाला मीच समजावून दिले होते, त्यामुळे त्याचा माझ्यावर भारी विश्वास.

आप्पाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. पाहुणे खानापूरकडचे. भात चुलीवर झाला, आमटी वायूवर. आमटीचे पितळी पातेले देवळाचे. देवळाची भांडी माझ्या ताब्यात असत. दिवाळीत पंचांनी कल्हईचे विचारले होते. युद्धामुळे कथील मिळत नव्हते आणि कल्हईवाला शोधायचा मला कंटाळा. झाली म्हणून सांगून मी मोकळा झालो. त्या पातेल्यात चिंचेची आमटी सकाळपासून दुपारपर्यंत राहिली. जेवणे उठली आणि तासाभरात पाहुणे गोठ्यामागे ओकू लागले.

मी पातेल्यात डोकावलो. कडेला हिरवट वळे धरले होते. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट आमटी कळकली होती, विषारी झाली होती.

नवऱ्या मुलाचे चुलते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. ह्यो वायू इखारी असतुया का न्हाई, तेवढं सांगा."

आप्पाचा चेहरा सैल झाला. त्याला वाटले, आता मास्तर सोडवतील.

"असतो," मी म्हणालो.

माझ्या विज्ञानातले एक अक्षर ज्या गावाने कधी खरे मानले नव्हते, त्याने हा शब्द जागच्या जागी मानला. पाहुणे गाडी जुंपून गेले. आप्पाने खड्डा स्वतः बुजवला. पातेले परत करताना त्याने एवढेच विचारले, कल्हई दिवाळीत झाली होती ना? मी हो म्हणालो. तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा कधी माझ्याशी बोलला नाही.

पुढे सरकारने गोबरगॅस आणला. विटाळवाले रांगेत पहिले. वायूचे गुण सांगायला त्यांनी मलाच उभे केले, मीही निर्लज्जपणे सांगितले. टाळ्या पडल्या. आप्पा तेव्हा हयात नव्हता.

मुलगी शेवटी निपाणीतल्या एका बिजवराला दिली. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो. म्हातारी झाली आहे, विड्या वळते. मी सगळे सांगितले. तिचा हात थांबला नाही.

"मागनं पातेलं मीच घासलं व्हतं, मास्तर, आत कल्हई न्हवती. आप्पांस्नीबी तवाच सांगिटलं. मला काय सांगतासा? ज्यांच्या म्होरं बोललासा, त्यांस्नी सांगा जावा."

त्यांतले बहुतेक मेले. जे उरले त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.